बेळगावात शिकताना समुपदेशक कसा शोधायचा

टिळकवाडीत मुलींचं एक खासगी हॉस्टेल मी सांभाळते. मराठी मुली मला काकू म्हणतात, गदग-हावेरीकडच्या अक्का. पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी), नर्सिंग, इंजिनिअरिंग, बीएड, सगळ्या एकाच छपराखाली. मानसशास्त्र मी शिकलेली नाही. पण झोप न लागलेली मुलगी रात्री बाटली भरायला खाली येते तेव्हा दिवा माझ्याच खोलीत चालू असतो, आणि सकाळी तिच्याबरोबर रिक्षात बसून दवाखान्यात जाणारीही बहुतेक मीच असते. आईबाप लांब. कुणी खानापूरच्या जंगलपट्ट्यातली, कुणी निपाणी-चिकोडीची, कुणाचे वडील कोल्हापुरात कामाला. त्या जाण्यायेण्यातून जे कळलं ते लिहिते. मुलग्यांनाही हे तेवढंच लागू आहे. ते फक्त उशिरा सांगतात.

एक गोष्ट सगळ्यात आधी. मरावंसं वाटत असेल, स्वतःला काही करून घ्यायचे विचार थांबत नसतील, तर हे वाचत बसू नका. १४४१६ लावा. ही टेली-मानस, सरकारी हेल्पलाइन, फुकट, रात्रंदिवस चालू; २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठी आहे. एकटे राहू नका, रूममेटला उठवा, वॉर्डनचं दार वाजवा. प्रसंग तातडीचा असेल तर ११२, नाहीतर सरळ सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत. ‘पोलीस केस होईल’ म्हणून लपवणारी पोरं आणि घरची माणसं मी बघितली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतात, उलट सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर खटला भरत नाहीत. तेव्हा त्या भीतीपायी दवाखाना टाळू नका.

आता बाकीच्यांसाठी. जायचं कधी? इंटर्नलच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणं हे काही दुखणं नव्हे. पण दोन आठवडे झोप बिघडलीय, डबा तसाच परत जातोय, आवडती गोष्टही नकोशी झालीय, क्लास बुडताहेत, तर कुणाला तरी दाखवायची वेळ झाली. मला स्वतःला एक खूण पक्की वाटते: मुलगी घरचा फोन उचलायचं बंद करते. सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन या, अंगारा लावा, त्याला माझी ना नाही. फक्त परत आल्यावर अपॉइंटमेंट घ्या.

कोण काय करतं, हे माहीत नसलं की चुकीच्या दारात उभं राहायला होतं. सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएस होऊन पुढं शिकलेले डॉक्टर. या तिघांत गोळ्या तेच देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, तपासण्या करतात आणि बोलून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक विचारला तर खरा माणूस रागावत नाही, चटकन सांगतो. तिसरे समुपदेशक. बहुतेकांचं मानसशास्त्रात किंवा समुपदेशनात एमए, एमएस्सी झालेलं असतं, पण ही पाटी लावायला आजवर आपल्याकडं कुणी परवाना विचारलेला नाही. त्यामुळं शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावलेलेही त्यातच सापडतात. शिवाय आमच्याकडं गल्लोगल्ली ‘काउन्सेलिंग’ अशा पाट्या आहेत, त्यातल्या बऱ्याच सीईटीच्या सीट मिळवून देणाऱ्यांच्या. खाली छोट्या अक्षरात काय लिहिलंय ते वाचूनच जिना चढा.

समुपदेशकाला विचारायचे प्रश्न दोनच: शिक्षण कुठं झालं, आणि अवघड केस आली तर तुम्ही कुणाचा सल्ला घेता? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून माणूस कळतो. चांगले समुपदेशक एखाद्या ज्येष्ठ माणसाच्या देखरेखीखाली काम करतात आणि गोळ्यांची गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवतात. ‘मला कुणाला विचारायची गरज पडत नाही’ असं ऐकलं की मी पर्स उचलते.

बेळगावात खरी अडचण डिग्रीची नाही. आपल्याला तीन गोष्टी एकाच माणसात हव्या असतात. त्याला आपली मराठी कळावी, त्याची आपल्या घराशी ओळख नसावी, आणि तो एका बसच्या अंतरावर असावा. तिन्ही एकदम मिळत नाहीत. मराठी बोलणाऱ्या बाई सापडल्या तर त्या शहापुरातल्या, आणि त्यांची जाऊ तुमच्या मावशीच्या भिशीत. अनोळखी माणूस हवा तर धारवाड, तिथं कन्नड. मराठीही आणि अनोळखीही हवं तर पुणं, म्हणजे मोबाइलवर. यातलं कुठलं सोडायचं हे आधी ठरवा, म्हणजे शोध निम्मा होतो. माझं मत विचाराल तर अंतर सोडा, भाषा सोडू नका.

कारण सांगते. एक नर्सिंगची मुलगी. रात्री मला सांगत होती, ‘काकू, छातीवर कोणतरी बसल्यागत होतंय, आणि बाबांचा फोन आला की हात गार पडतात.’ दुसऱ्या दिवशी ओपीडीत डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, तर ही म्हणाली, ‘लिटल टेन्शन सर.’ वडलांचं नावसुद्धा नाही. डॉक्टरांची काय चूक? त्यांना जे ऐकू आलं त्यावर त्यांनी सल्ला दिला. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसीला एकदम इंग्रजी, मेसमध्ये कन्नड. अशा पोरीला फिजिऑलॉजी इंग्रजीत येते, रडणं येत नाही.

तेव्हापासून मी एक करायला लावते. जायच्या आदल्या दिवशी वहीच्या एका पानावर मराठीत लिहायचं: काय होतंय, कधीपासून, दिवसात कधी जास्त, झोप किती, जेवण किती, काय झाल्यावर सुरू झालं असं वाटतं, आणि तोंडानं सांगता येणार नाही अशी एक ओळ. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. ‘कसंतरी होतंय’ हे लिहिलं तरी पुढं ते कुठं होतंय तेही लिहा, पोटात की डोक्यात की घशाशी. पान समोर ठेवा. त्यांना देवनागरी वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा. मैत्रिणीला दुभाषी म्हणून नेणं ओपीडीत एखाद्या वेळी ठीक. बोलण्याच्या उपचाराला नको. मैत्रीण खोलीत असली की तुम्ही तिच्यासाठी बोलता.

आणि हे जरा स्पष्टच बोलते. एक नोव्हेंबरची काळ्या दिनाची, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून निघणारी, फेरी कधी न चुकवलेली माणसं माझ्या माहेरी आहेत. तरीही समोरची बाई कन्नड आहे एवढ्यासाठी तिला नाही म्हणू नका. बेळगावात वाढलेल्या कन्नड माणसाला आपली मराठी पुष्कळदा पुण्याच्या माणसापेक्षा बरी कळते. ‘घरात असं बोलत नाहीत’ म्हणजे काय ते त्याला फोड करून सांगावं लागत नाही. फोनवर एवढंच विचारायचं: मी मराठीत बोललं तर तुम्हाला सगळं कळेल ना? ते कन्नड मिसळून बोलले तर चालतं. तुमचं बोलणं तुमच्या भाषेत झालं म्हणजे पुरे.

ओळखीचं मात्र जपून. आमच्या गावात पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या गल्लीतली तू?’ आणि दुसरा, ‘अमक्यांची कोण?’ समुपदेशकानं घरची माहिती विचारणं हे त्याचं कामच आहे. पण ‘अगं, तुझ्या मामाला मी चांगली ओळखते’ असा सूर लागला तर तिथंच थांबवून विचारा: मी इथं येते हे मामाला कळेल का? सरळ ‘नाही’ आलं आणि ते का नाही तेही सांगितलं तर बसा. हसून विषय बदलला तर उठा. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ मध्ये तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिला आहे. त्याला काही अपवाद आहेत, मुख्य म्हणजे तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणं. चांगला समुपदेशक हे अपवाद पहिल्याच दिवशी आपणहून सांगतो. अठरा पूर्ण झाली असतील तर उपचार घ्यायला आईवडलांची परवानगी लागत नाही. पीयूसीतली मुलं सोळा-सतराची असतात, त्यांच्या बाबतीत पालकांना आणावं लागतं, म्हणून फोनवर वय आधीच सांगा.

कुठं जायचं, तर पहिलं कॉलेजातच विचारा. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. कॉलेज लहान असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी बांधून घ्यायचं. ऑफिसात जाऊन ‘स्टुडंट काउन्सेलर कोण?’ एवढंच विचारा. नाव मिळालं की बघा, तीच व्यक्ती तुमचे इंटर्नल मार्क देते का? देत असेल तर तिच्यापाशी अभ्यासाचं वेळापत्रक बोला, मनातलं नको. ती बाई वाईट असेल असं नाही, पण मार्क देणाऱ्यापुढं कोण मोकळं होतं?

कॉलेजात जमलं नाही तर बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेलं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. तिथं मानसोपचाराची ओपीडी आहे. गर्दी असते, रांग असते, डॉक्टरांना वेळ कमी. पण तपासणीला आणि गोळ्यांना सगळ्यात स्वस्त. नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलातही हा विभाग आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येऊन बसायची पद्धत कर्नाटकात आहे, मनोचैतन्य नावाची. खानापूर, चिकोडीच्या मुलांनी सुट्टीत गेल्यावर तिथं दाखवता येईल, आधी फोन करून आज डॉक्टर आहेत का ते विचारा. निपाणीच्या मुलांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आणि मराठीही सोपं, अथणीच्यांना मिरज-सांगली. राज्याची हद्द ओलांडून उपचार घ्यायला कुणाची आडकाठी नाही.

आणि धारवाडचं डिमहान्स. लहानपणी आम्हाला कुणी वेड्यासारखं वागलं की ‘धारवाडला पाठवा’ म्हणायचे, त्यामुळं नाव काढलं की आईबापांचा चेहरा उतरतो. ती मनाच्या आजारांसाठीची सरकारी संस्था आहे, बेळगावातून दीड-दोन तासांत बस पोचवते, आणि शहरात कुणी ओळखीचं भेटायची भीती नाही. निदान नीट होत नसेल, दोन डॉक्टरांनी दोन वेगळी नावं सांगितली असतील, तर मी तिथं न्यायला कचरत नाही. दर आठवड्याला बोलायला जायचं तर मात्र तेवढा प्रवास शिकणाऱ्या पोरीला झेपत नाही.

खासगी समुपदेशकाला फोन करताना लाजायचं कारण नाही. मी मुलींना असं बोलायला शिकवते: ‘नमस्कार, मी विद्यार्थिनी आहे, वय एकोणीस. दोन महिने झोप आणि अभ्यास दोन्ही बिघडलंय. मराठीतून बोलता येईल का? एका सेशनची फी किती, विद्यार्थ्यांना काही सवलत आहे का? किती वेळ देता?’ सेशन साधारण पाऊण तास ते तासभर असतं. दहा सेशनचं पॅकेज आधीच भरा म्हणाले तर नको म्हणा; एकेक भेटीचे पैसे द्या. ‘तीन भेटींत पूर्ण बरं करतो’ ही जाहिरात मूळव्याधीच्या पोस्टरवर शोभते.

पद्धतीच्या नावांचा फार बाऊ नको, पण थोडं माहीत असावं. परीक्षेची धास्ती, ‘मी नापासच होणार’ असले फिरून फिरून येणारे विचार, उदासी यांना सीबीटी नावाची पद्धत बरी पडते. आपण काय विचार करतो, त्यानं अंगात काय होतं, मग आपण काय टाळतो, हे कागदावर मांडून एकेक सोडवतात, गृहपाठही देतात. तिचीच एक थोरली बहीण आरईबीटी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. मराठी समुपदेशकांत ती बरीच चालते, कारण कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. त्यात तुमच्या बोलण्यातला हट्ट पकडतात: ‘मला डिस्टिंक्शन मिळालंच पाहिजे’, ‘आईनं मला समजून घेतलंच पाहिजे’. पुन्हापुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं असेल तर मुद्दाम विचारा, तुम्ही ईआरपी करता का? म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीला हळूहळू सामोरं जायला आणि धुणं-तपासणं रोखून धरायला शिकवतात ती पद्धत. या दुखण्याला नुसत्या गप्पा आणि धीर पुरत नाही, आणि सगळ्यांना ती पद्धत येत नाही. कुणी गेलंय, नातं तुटलंय, गाव सुटलंय, अशा वेळी नीट ऐकून घेणारं माणूस आधी लागतं, तक्ते नंतर. बाकी कुठलीही पद्धत असो, तुमचं त्या माणसाशी जुळतं का यावर फार अवलंबून असतं. संशोधनातही हेच पुन्हापुन्हा दिसलंय.

जुळतं की नाही हे पहिल्या भेटीत कळत नाही. पहिली भेट बरीचशी माहिती देण्यातच जाते, बाहेर आल्यावर उलट जड वाटतं. तीन भेटी द्या. तिसरीनंतर स्वतःला विचारा: मी तिथं काही लपवतेय का, आणि का? समोरच्याच्या भीतीनं लपवत असाल तर समोरच बोलून दाखवा. ‘मागच्या वेळी तुम्ही हसलात ते मला लागलं’ असं म्हटल्यावर जो सावरून ऐकतो तो कामाचा. काही गोष्टींना मात्र तीन भेटीही नकोत. तासातला पाऊण वेळ स्वतःच बोलतात, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ म्हणतात, लग्न केलं की सगळं सुटेल म्हणतात, जातीवरून किंवा कुणावर प्रेम आहे त्यावरून तोंड वाकडं करतात, न विचारता आईला फोन लावतात, रात्री खासगी मेसेज करतात, अंगाला हात लावतात. अशा ठिकाणी परत जायचं नाही, आणि शेवटच्या दोन गोष्टी असतील तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायच्या.

ऑनलाइन घ्यायचं ठरलं तर ठाणं, पुणं, मुंबई सगळं उघडं होतं. ठाण्याची आयपीएच ही डॉ. आनंद नाडकर्णींची संस्था १९९० पासून आहे, मराठीतून काम करणारी. नोंदणी, शिक्षण, फी हे प्रश्न इथंही तेच. अडचण वेगळीच येते: बोलायचं कुठं? चारजणींच्या खोलीत कोण घरचं बोलणार. आमच्या मुली गच्चीवर जातात, पण तिथं कपडे वाळत घालायला कुणीतरी येतंच. मी आता ऑफिसची खोली तासभर देते आणि बाहेर स्टुलावर भाजी निवडत बसते. तुमच्या वॉर्डनला विचारून बघा. कारण सांगायची गरज नाही, ‘इंटरव्ह्यू आहे’ म्हटलं तरी चालतं. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात झाडाखाली बसून बोलणारीही एक होती. संध्याकाळी तिथं फिरायला येणारे इतके की मला ते पटत नाही, दुपारी ठीक. हेडफोन हवाच. सुट्टीत जांबोटी-कणकुंबीकडं घर असेल तर रेंजचा भरवसा नाही, तेव्हा कॉल तुटला तर काय करायचं, पुन्हा कोण कुणाला लावणार, हे आधी ठरवा.

गोळ्या सुरू झाल्या तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून चार दिवसांत ‘काही होईना’ म्हणून सोडू नका. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं एकदम बंदही करू नका. गणपतीला घरी गेल्यावर आजीनं ‘कसल्या गोळ्या या’ म्हणून फेकून दिल्याचे किस्से माझ्याकडं आहेत. डॉक्टरांना विचारूनच कमी करायच्या.

घरी सांगायचं का? सांगितलंच पाहिजे असं नाही. पण पैसे घरून येतात, तेव्हा कधीतरी विषय निघतो. ‘डिप्रेशन’ म्हटलं की आई घाबरते, ‘मानसोपचार’ म्हटलं की बाबा भडकतात. ‘झोप लागत नव्हती, डॉक्टरांना दाखवतेय, अभ्यास जमायला लागलाय’ इथून सुरुवात करा. हे खरंही असतं. वडलांना आधी सांगायचं की आईला, हे तुमच्या घरात तुम्हालाच माहीत.

समुपदेशक बदलायचा असेल तर न सांगता गायब होऊ नका, मेसेज पुरतो: ‘मॅडम, आतापर्यंत वेळ दिलात, आभारी आहे. मला वाटतं मला वेगळ्या प्रकारची मदत लागेल. माझ्या भेटींचा एका पानाचा सारांश द्याल का?’ तो सारांश, गोळ्यांची नावं आणि डोस, तपासण्यांचे कागद, सगळ्याचे फोटो काढून मोबाइलमध्ये कुलूप लागणाऱ्या फोल्डरात ठेवा, म्हणजे नव्या ठिकाणी पहिला तास जुनंच उगाळण्यात जात नाही.